दाजींचा कम्प्युटर आणि माझा चहा

आमच्या दाजींच्या घरात कम्प्युटर सुरू झाल्याशिवाय चहा मिळत नाही. पाव्हणा असो, डॉक्टर असो, बाहेर पाऊस असो. आधी तो डबा उठणार, मग चुलीवर आधण चढणार. आणि डबा उठतो कधी? सकाळी दाजी बटण दाबतात तेव्हापासून पडद्यावर उजेड पडेपर्यंत मी माझ्या दारात एक मेंढरू धरून, पाडून, कातरून, पुन्हा कळपात सोडून दिलं असतं. हे मी फुशारकीनं सांगत नाही. ज्याला खोटं वाटतं त्यानं माझ्याकडं यावं, कातर घेऊन उभा आहे.

दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, हौसाचे, मालक. गाव तासगावच्या अलीकडं, द्राक्षाच्या पट्ट्यात. मी दहिवडीच्या बाजूचा, माणातला. आमच्याकडं मेंढरं आणि कुसळं, त्यांच्याकडं ठिबक आणि मांडव. हौसा तिकडं दिली तेव्हा आमच्या भावकीनं मला लय ऐकवलं होतं, की बागायतदाराच्या घरात धनगराची पोर नांदायची नाही. नांदली. नुसती नांदली नाही, त्या बागायतदाराला वळणावर आणला. पण मागच्या वर्षी ती गेली, आणि वळण पुन्हा सुटलं.

मी तिथं राहायला गेलो ते हौसेनं नाही. मिरजेला माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डॉक्टरीण म्हणाली, धुरळ्यात जायचं नाही, मेंढरांत तर मुळीच नाही. आता माणात धुरळा नाही अशी जागा दाखवा मला. तेव्हा दाजी म्हणाले, "पाव्हणं, आमच्याकडं चला. डोळ्यात थेंब मी घालतो." मी गेलो. काळा चष्मा लावून त्यांच्या सोप्यात बसलो, आणि एकाच डोळ्यानं मला जे दिसलं ते दोन डोळ्यांनी बघवलं नसतं.

दाजी कम्प्युटरवर करतात काय, तर शेतकऱ्यांना शिकवतात. छाटणी कशी घ्यावी, विरळणी कशी करावी, असले व्हिडिओ काढून मोबाइलवर सोडतात. बघणारे पुष्कळ आहेत म्हणे. व्हिडिओत दाजी कोट घालतात. लग्नातला काळा कोट, कॉलरीला कडक इस्त्री मारलेला. आणि खाली लुंगी. कारण कॅमेऱ्यात कमरेखालचं येत नाही! मी म्हणालो, "दाजी, ही फसवणूक हाय." तर म्हणाले, "फसवणूक कशी? छाटणी हातानं करायची असती." एरवी 'हाय-न्हाई' बोलणारा हा माणूस कॅमेरा लागला की 'नमस्कार, शेतकरी बंधूंनो' असं सुरू होतो, आणि कोटाच्या बाहीनं घाम पुसतो.

दुसरी खोड त्यांच्या बोलण्याची. "मागचं येऊ द्या." कशालाही हेच. विट्याच्या स्टँडवर एसटी सुटायला लागली की दाजी पायरीवर उभे, आणि कंडक्टरला म्हणतात, "मागचं येऊ द्या." मागं कुणी नसतं हो! असलंच तर लांब उसाच्या रसाच्या गाड्यापाशी एखादा रस पीत उभा असतो, त्याला बिचाऱ्याला कुठं जायचंही नसतं. वडूजला एका लग्नात पंगत बसली, जिलेबी वाढून झाली, आणि दाजींनी हात वर केला. का, तर एक म्हातारं अजून हात धूत होतं. सगळी पंगत त्या म्हाताऱ्याच्या दहा बोटांकडं बघत बसली. माझा भात गार झाला. गार भाताचा राग मी धरतो, आणि सोडत नाही.

वर आणखी सांगायचं म्हणजे हे बोलणं त्यांचं नाहीच. ते आमच्या घरातलं आहे. आमचा बाप कळपापुढं चालायचा. ओढा आला, वाट आली की पुढच्यानं थांबायचं आणि ओरडायचं, "मागचं येऊ द्या!" कारण लंगडं, म्हातारं, नुकतं व्यालेलं असं सगळं मागं असतं, आणि त्यांना हाकायला शेवटाला हौसा असायची. लहानपणापासून तिची जागा शेवटाला. तीच म्हण तिनं लग्नानंतर ह्या भराभर चालणाऱ्या माणसाला शिकवली. कळपाला ती शोभते. एसटीला शोभत नाही. उसनी म्हण वापरायची तर जागा बघून वापरावी.

तर कम्प्युटर. रोज सकाळी दाजी अंघोळ करून यायचे, बटण दाबायचे, आणि खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसायचे. काळा पडदा. आतून कट्‌ कट्‌ आवाज. आजारी मेंढरू दात खातं ना, तसा. मी चहावाचून बसलेला. मग कधीतरी उजेड पडायचा. दाजी कानांवर दोन डबडी चढवायचे, पडद्याकडं बघायचे, थोडा वेळ जायचा, आणि एकदम मोठ्यानं म्हणायचे, "आलो, आलो!" लगेच डबडी काढून ठेवायची आणि चुलीकडं जायचं. मी विचारलं, "कुणाला आलो?" तर म्हणाले, "हाय एक."

मी मनात म्हटलं, झालं. माणूस एकटा पडला की येडा होतो, हे खरं आहे.

चहा मी स्वतः करू शकत होतो, असं कुणी म्हणेल. बहिणीच्या घरी भावानं चुलीपुढं जायचं? आणि तेही बहीण नसताना? आमच्यात ते चालत नाही. दाजींच्यातही चालत नाही. म्हणून दोघंही चहावाचून बसणार, पण रीत सोडणार नाही.

बरं, कम्प्युटर दुरुस्त करावा म्हटलं, तर त्याचे उपाय ऐका. दाजींच्या भाच्यानं पुण्याहून येऊन दिवाळीत नवी डिस्क बसवून दिली होती. तिच्यात चाक नाही, फिरणारं काही नाही, आता डोळ्याचं पातं लवायच्या आत सुरू होईल, असं सांगून तो गेला. पातं लवून लवून दुखायला लागलं, फरक काही नाही. मग दाजींनी प्रिंटरची वायर काढून बघितली. मग डब्याची जागा बदलली. मग व्हिडिओतच बंधूंना विचारलं, की माझा कम्प्युटर उशिरा उठतो, उपाय सांगा. उपाय आले. एकानं लिहिलं, बंद करून चालू करा. एकानं लिहिलं, गरम होत असेल, ओलं पोतं टाका. आणि एकानं विचारलं, काका, लुंगी कुठनं घेतली? म्हणजे ती दिसतेच की!

शेवटी कुणीतरी लिहिलं, आत धूळ असेल, हवा मारा. दाजींनी बागेतला ब्लोअर आणला. वेलींवर भुरीचा रोग पडला की ज्यानं गंधकाची भुकटी मारतात तो. डबा उघडून त्याच्यात सोंड घातली आणि चालू केला. ब्लोअरच्या पोटात मागच्या धुरळणीची भुकटी उरलेली. सोपा पिवळा झाला, दाजी पिवळे झाले, आणि माझ्या नव्या डोळ्याची डॉक्टरणीनं सांगितलेली सगळी पथ्यं एका फुंकरीत उडाली. मी ओरडलो, "दाजी, मी वेल हाय का वो? माझ्यावर भुरी पडलीया का?" तर शिंकत शिंकत म्हणाले, "मागचं... मागचं येऊ द्या," कारण ब्लोअर बंद करूनही भुकटी येतच होती.

त्यानंतर मी हट्ट धरला, की जाणत्या माणसाला बोलवा. तासगावची मेघा आली. कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते, स्कुटीवर येते. तिनं डबा उघडला, आपली पिवळी झालेली बोटं बघितली, आणि काही विचारलं नाही. शहाणी बाई.

आत दोन डिस्का होत्या. एक भाच्यानं बसवलेली नवी, एक मूळची जुनी. मेघानं लाइट बंद करून जुनीच्या वायरी काढल्या आणि बटण दाबलं. अहो, मी खाकरून घसा साफ करेपर्यंत पडदा लागला! वायरी परत जोडल्या, पुन्हा तेच कट्‌ कट्‌. वायर बदलून बघितली, जोडायची जागा बदलून बघितली. तेच.

मी विचारलं, "म्हंजे हाय काय हे?"

"आजोबा, चालू हुताना कम्प्युटर आतल्या सगळ्यांना हाक मारतो. नवी डिस्क लगीच ओ देती. जुनी थकलीया, ओ देत न्हाई. मग हा परत हाक मारतो, परत थांबतो. ती ओ देईपर्यंत पुढं सरकत न्हाई."

इतकं सरळ मला आजवर कुणी कम्प्युटरचं सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "मग लंगडं मेंढरू काढा कळपातनं. दाजी, कवाच काढायचं हे. एकीपायी समदा कळप उभा."

मेघा दाजींना म्हणाली, "आजोबा, हिच्यावरचं काय पायजे ते उतरवून घेऊया आणि हिला काढूया. पण एक आधीच सांगते. उतरवताना तिच्यावर ताण येणार. मधीच बंद पडली तर पुन्हा चालू होईल न होईल."

दाजींनी कपाळावरची भुकटी पुसली. म्हणाले, "जोडून ठेव बाई. हाय तशी राहू दे."

"आवं पण..."

"जोड म्हणलं ना. बस. च्या घेऊन जा."

बघा! तिला चहा! कम्प्युटर उठलेला होता ना.

ती गेल्यावर मी दाजींना जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. एवढा शिकवणारा माणूस, बंधूंना सांगतो, वाळकी काडी राखू नका, वेलीचा जोर जातो. आणि घरात वाळकी काडी जपून ठेवतो! दाजी ऐकून घेत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "डोळा वर करा, थेंब घालायचाय." थेंब मात्र हा माणूस असा घालतो की कळत नाही. ते माझ्या रागात बसत नाही, पण खरं आहे म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दाजी अंघोळीला गेले. मी मेघाचं सगळं नीट बघून ठेवलं होतं. लाइट बंद करायची, झाकण सरकवायचं, जुनीला लागलेल्या दोन वायरी, एक चपटी, एक रुंद. ज्या हातांनी मी व्यायला अडलेल्या मेंढ्या सोडवल्या त्यांना दोन वायरी अवघड नाहीत. काढल्या. बटण दाबलं. पडदा लख्ख. मग मी म्हटलं, आता रीत गेली खड्ड्यात. चुलीपुढं गेलो, आधण ठेवलं, आलं ठेचलं, आणि दाजी पंचा गुंडाळून बाहेर आले तेव्हा दोन कप टेबलावर वाफाळत होते. मी ऐटीत म्हणालो, "घ्या दाजी. येरवाळी, येळंवर च्या कसा असतो ते चाखा."

दाजी हसतील असं मला वाटलं. ओरडतील असंही वाटलं. ते पडद्याजवळ गेले, माउस फिरवला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग खुर्चीत बसले. ओल्या पंच्यानं कधी बसत नाहीत, बसले.

"पाव्हणं," म्हणाले, "ती न्हाई ह्यात."

"कोण ती?"

मी कप पुढं सरकवला. त्यांनी हात लावला नाही.

"हाक मारल्याबिगार मी च्या कसा घिऊ?"

आता मला समजायला एवढा वेळ लागायला नको होता. पण मी रागात होतो, आणि रागात माणसाचे दोन्ही डोळे जातात. "आवं, मी मारली की हाक! घ्या म्हणलं ना!" असं मीच ओरडलो. दाजी मग हळू म्हणाले, "तुमची न्हाई वो."

मी लाइट बंद केली आणि वायरी परत जोडल्या. बटण दाबलं. काळा पडदा, कट्‌ कट्‌. मग कट्‌ कट्‌ही थांबलं. दाजी उठले आणि डब्यावर हात ठेवून उभे राहिले, बैल आजारी असला की त्याच्या पाठीवर ठेवतात तसा. कपावर साय धरली. तेव्हा किती वाट बघितली ते मी मेंढरू कातरण्याच्या हिशेबात मोजू शकत नाही, मोजायचं सुचलंच नाही. डब्यातून पुन्हा एकदा कट्‌ झालं, आणि उजेड पडला.

मग दाजींनी कानांवरच्या डबड्यांची वायर उपसून काढली, म्हणजे आवाज मलाही येईल. जुन्या डिस्कवर व्हिडिओच व्हिडिओ होते. चांगले वठलेले त्यांनी नव्या डिस्कवर नेले होते. हे होते ते बिघडलेले. टाकून द्यायचे.

पडद्यावर दाजी, कोटात. "नमस्कार, शेतकरी बंधूंनो. आज आपण ऑक्टोबर छाटणीविषयी..."

आणि मागून, लांबून, भांड्यांच्या आवाजातून, "आवं! च्या निवला की!"

मी काळा चष्मा काढला. काढायचा नव्हता, काढला.

"हौसा, शूटिंग चालू हाय गं," पडद्यातले दाजी मान वळवून म्हणाले.

"चालू हाय तर बंद करा. तुमचं बंधू च्या पिऊन बसल्यात, तुमीच तेवढं उपाशी. आन्‌ ती लुंगी सावरा, दिसतीया!"

"आलो, आलो," पडद्यातले दाजी म्हणाले. आणि खुर्चीतले दाजी त्याच दमात म्हणाले, "आलो, आलो." उठले, मी केलेला गार चहा उचलला आणि उभ्यानं पिऊन टाकला.

सगळे बिघडलेले व्हिडिओ असेच. बिघडवणारी तीच. एकातही ती दिसत नाही. एकदा फक्त हात येतो, बांगड्यांचा, बशीसकट, आणि कप टेबलावर आपटून जातो.

मला इतका संताप आला की सांगता येत नाही. "दाजी, हे असं हाय, आन्‌ तुमी उतरवून घेत न्हाई? रोज त्या मरत्या डब्याला उठवताय?"

"ती पोरगी काय म्हणली ऐकलं न्हाई का? उतरवताना जाईल. आत्ता रोज एक हाक मिळती, पाव्हणं. समदं घ्यायला गेलो आन्‌ तेवढीबी गेली तर?"

"आन्‌ न्हाई घेतलं तर र्‍हानार हाय का? माझं ऐका. मेंढी लंगडी हाय, खरं. पन गाभन हाय. गाभन मेंढी खाटकाला देत न्हाईत, मी काल चुकीचं बोललो न्हाई, मला म्हाईत नव्हतं. पन अशी मेंढी रोज चालवतबी न्हाईत. तिला बसवायची आन्‌ कोकरू मोकळं करून घ्यायचं. उशीर केला की दोनी जात्यात."

"आन्‌ कोकरूच न्हाई आलं तर?"

"तर न्हाई आलं. पन हात घालायचा. दाजी, ती तुमची बायको नंतर झाली. आदी माझी भन हाय. फोन लावा त्या मेघाला, न्हाईतर मी चालत जातो तासगावला, असल्या डोळ्यानं."

त्यांनी फोन लावला.

मेघा लॅपटॉप घेऊन आली. ह्या वेळी तिला सगळं सांगितलं, म्हणजे मी सांगितलं, दाजी खिडकीकडं तोंड करून उभे होते. तिनं डिस्क सोडवून लॅपटॉपला जोडली आणि विचारलं, "आधी कुठला घेऊ? जो गेला तर चालणारच न्हाई, तो आधी सांगा."

दाजी म्हणाले, "च्या निवला." आणि बागेत निघून गेले. मांडवाखाली जाऊन वेलींकडं बघत उभे राहिले. छाटायला काही नव्हतं, हातात कात्रीही नव्हती.

मी बसलो. लॅपटॉपवर एक हिरवी पट्टी सरकत होती. सरकायची, थांबायची, कट्‌ व्हायचं, पुन्हा सरकायची. पहिला आला. मग दुसरा. पट्टी थांबली की मेघाही काही करत नव्हती, नुसती थांबत होती. मी हात जोडणारा माणूस नाही. पण पट्टी एकदा फारच थांबली, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "येऊ द्या. मागचं येऊ द्या." मेघानं माझ्याकडं बघितलं. मी खाकरलो.

बशीचा हात आला. त्याच्यानंतर आणखी बरेच आले. मग त्या डिस्कनं एक लांब कुरकुर केली आणि गप्प झाली. मेघानं परत जोडून बघितली, उलटी करून बघितली. ओ दिली नाही. मागं राहिले ते राहिले. किती राहिले हे मी दाजींना विचारलं नाही, आणि त्यांनीही मेघाला विचारलं नाही. बागेतून आल्यावर त्यांनी डिस्क फडक्यानं पुसली आणि हौसाच्या कपाटात, तिच्या इरकली लुगड्याच्या घडीवर ठेवून दिली. तीही लंगडीच, पण खाटकाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर तोंड धुऊन टेबलाशी येऊन बसलो. आता अडथळा कसला उरला नव्हता. दाजींनी बटण दाबलं. खाकरायलाही वेळ मिळाला नाही, पडदा लख्ख. मी म्हटलं, चला, माणाच्या माणसाला वेळेवर चहा मिळण्याचा दिवस उजाडला.

दाजी खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले. माउसला हात नाही. डबडी कानांवर नाहीत. नुसते त्या उजेडाकडं बघत.

मी वाट बघितली. लय बघितली. शेवटी न राहवून म्हणालो, "दाजी, आता कशाचा खोळंबा? उठलाय की तो! समदं आलंय की!"

त्यांनी माझ्याकडं मान वळवली.

"पाव्हणं, तुमची भन हाय म्हणता. ती कवा एवढ्या बिगीनं आली व्हती का?"

मला लहानपणचं दिसलं. कळप ओढ्याला येऊन थांबलाय, पुढं बाप उभा, मागं धुरळा, आणि धुरळ्यातून काखेत कोकरू घेऊन सगळ्यांच्या शेवटी येणारी ती. कधीच नाही.

मी रिकामा कप खाली ठेवला. चहा त्या दिवशीही उशिराच झाला.